नावं लक्षात राहत नाहीत, तरी निसर्गवर्गाला जाऊ का?

प्रश्न : माझं वय ५४. रोज सकाळी फिरायला जाते. ज्या झाडांखालून जाते त्यांतली चार-पाच सोडली तर एकही ओळखता येत नाही, ही खंत बरेच दिवस मनात होती. म्हणून मध्यंतरी एका निसर्गभ्रमंतीला गेले. तीसेक माणसं होती. मार्गदर्शक जाणकार होते, पण चालता चालता इतकी नावं सांगितली की मी नुसती लिहीतच राहिले. घरी येऊन वही उघडली, तर कुठलं नाव कुठल्या झाडाचं, काही म्हणता काही आठवेना. बाकीच्यांकडे मोठमोठे कॅमेरे, त्यांच्या आपसात गप्पा. मला काही विचारायचाही संकोच वाटला. शिवाय मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि गवतातून चालताना सापांची धास्ती वाटते. आता मोठ्या माणसांसाठी एक निसर्गवर्ग सुरू होतोय. वर्षभर, दर पंधरवड्याला एक सकाळ. मुलगी म्हणते, ‘आई, फोटो काढला की मोबाइल नाव सांगतो, वर्ग कशाला?’ विज्ञान मी दहावीनंतर सोडलं. या वयात हे सगळं डोक्यात राहील का? जाऊ की नको?
– एक वाचक

उत्तर :

ताई,

जा. मनात काही किंतु न ठेवता जा. फक्त फी भरण्याआधी वर्ग पारखून घ्या, आणि त्याच्याकडून काय अपेक्षा करायची तेही थोडं बदला. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. शिकणं म्हणजे नावं पाठ होणं, असं तुम्ही धरून चालला आहात. त्या भ्रमंतीत शिकवलंही तसंच गेलं, त्यामुळे हा समज आणखी घट्ट झाला असणार. माझं म्हणणं असं, की नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी नजर तयार व्हावी लागते, आणि ती तयार होते एकाच जागी, त्याच त्या झाडांपाशी पुन्हा पुन्हा गेल्यानं. तुमचा वर्ग हे घडवून आणणार असेल तर तो तुमच्यासाठी आहे. दर वेळी नवी जागा दाखवून लांबलचक यादी हातात देणार असेल, तर वर्षाअखेरीस तुमच्या हातात तशाच आणखी काही वह्या असतील.

वयाची शंका आधी मिटवू या. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं विस्मरणाचा अभ्यास करण्यासाठी स्वतःलाच विद्यार्थी केलं. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक वेळानंतर त्यातलं किती उरलं ते मोजायचं, हे काम त्यानं कमालीच्या चिकाटीनं केलं आणि १८८५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. ऐन तिशीतला माणूस, पण पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक त्याचंही तासाभरात उडून जात होतं. तेव्हा तुमची वही घरी येईपर्यंत मुकी झाली, यात वयाला दोष देण्यासारखं काही नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तुमच्या जास्त कामाचा आहे. बारा अक्षरगटांची एक मालिका त्यानं एकाच दिवशी ६८ वेळा घोकली. तेवढाच फायदा त्याला तीन दिवसांत मिळून ३८ वेळा घोकल्यावरही झाला. थोडं थोडं, मध्ये अंतर ठेवून, पुन्हा पुन्हा. दर पंधरवड्याचा वर्ग म्हणूनच एका दिवसाच्या भ्रमंतीपेक्षा कितीतरी चांगला. मधल्या दिवसांत तुम्ही रोज फिरायला जाताच. त्याच वाटेवर वर्गात पाहिलेलं एखादं झाड गाठलंत की उजळणी झालीच.

आणि एक सवय लावून घ्या. वर्गाहून परत आल्यावर वही लगेच उघडू नका. आधी कोऱ्या कागदावर, आज काय काय पाहिलं ते आठवून लिहा. अडखळाल, चुकाल, काही जागा रिकाम्या राहतील. मग वही उघडून ताडून बघा. आठवायला पडलेले ते कष्टच गोष्ट पक्की करतात. लिहिलेलं नुसतं पुन्हा वाचून तेवढं होत नाही.

आता नजर तयार होणं म्हणजे काय, ते सांगते. जाणता शिक्षक पहिल्या दिवशी तुम्हाला कडुनिंबासारख्या झाडाची एक खालची फांदी धरायला लावील आणि विचारील, ‘यातलं एक पान कुठलं, दाखवा.’ बहुतेक जण करवती कडेचं एकेक पातं दाखवतात. मग तो म्हणेल, त्या पात्याच्या बुडाशी डोळा सापडतो का बघा. माळीकाम करणारे कोंबाला म्हणतात तो डोळा. तिथे तो नसतो. मग बोट मागे मागे न्या. ती सगळी काडी जिथे फांदीला मिळते, तिथल्या बेचक्यात एक बारीकसा फुगवटा हाताला लागतो. पुढची फांदी किंवा फुलोरा येणार तो तिथून. म्हणजे ती अख्खी काडी मिळून एक पान, आणि आपण जी पानं समजत होतो त्या त्याच्या पर्णिका. गुलमोहराचं पिसासारखं लांब पान घ्या, त्यावर शेकडो बारीक पाती दिसतील, पण डोळा मात्र तळाशी एकच. जगाच्या पाठीवर कुठेही जा, सपुष्प झाडाचं पान कुठे सुरू होतं हे ठरवायला बेचक्यातला हा डोळा कामी येतो.

हे एकदा बोटांना कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचायला लागतात. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? कडा सलग आहे की दातेरी? मागच्या बाजूला लव आहे का? शिरा कडेपर्यंत जातात की आधीच वळतात? देठ तोडल्यावर चीक येतो का? (हे बघताना हात चेहऱ्याकडे नेऊ नका. काही झाडांचा चीक कातडीला आणि डोळ्यांना फार वाईट असतो. शिक्षकाला विचारूनच तोडा, आणि तेही पडलेल्या फांदीवरचं.) एवढं पाहून झाल्यावर कुणी त्या झाडाचं नाव सांगितलं, तर त्या नावाला बसायला मनात जागा तयार असते. त्या भ्रमंतीत तुमच्या मनात अशी जागा तयार व्हायला वेळच मिळाला नाही, इतकंच.

तुम्हाला एका छोट्या वस्तूचीही ओळख करून द्यायची आहे, कारण माझं तिच्यावर फार प्रेम आहे. दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. बहुतेक जण ते हातभर लांब धरून आतून बघायला जातात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणून परत देतात. ते डोळ्याच्या अगदी जवळ, जवळजवळ टेकवूनच धरायचं, आणि मग पान उचलून भिंगाकडे आणायचं. साधारण अडीच सेंटिमीटरवर आलं की ते लखकन स्पष्ट होतं. झाडाची साल काही उचलून आणता येत नाही, तेव्हा तिथे आपणच पुढे झुकायचं. सालीवरचे राखाडी-हिरवट डाग तुम्ही रोज पाहत असाल. त्यातले बरेचसे दगडफुलाचे असतात. भिंगातून त्याची कडा चुरगळलेल्या पाकळ्यांसारखी दिसते, आणि नशीब असेल तर मध्ये इवल्याशा वाट्याही दिसतात. त्यांच्यात बुरशीचे बीजाणू तयार होतात. बुरशी म्हटलं, कारण दगडफूल हा एकटा जीव नाही. बुरशी आणि तिच्या आत राहून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारं शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव, असे ते एकत्र नांदतात.

हे सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६०च्या दशकात मांडलं, तेव्हा दगडफुलांचे भलेभले अभ्यासक त्याच्यावर तुटून पडले. विल्यम नायलँडर त्यांतलाच एक. त्यानं ही कल्पना अखेरपर्यंत मान्य केली नाही. पण याच नायलँडरनं १८६६ मध्ये नोंदवलं होतं, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी दगडफुलं टिकून आहेत ती शहरात इतरत्र दिसत नाहीत, आणि त्याचा संबंध त्यानं हवेच्या शुद्धतेशी जोडला. ते बरोबर होतं. दगडफुलांना मुळं नसतात, पाणी आणि खनिजं ती थेट हवेतून आणि पावसातून घेतात, त्यामुळे गंधकाचा धूर त्यांतल्या अनेकांना सोसत नाही. ही गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगितली. एका झाडापाशी नीट उभं राहून पाहणाऱ्या माणसाला खरं काही सापडू शकतं, आणि त्याच जाणत्या माणसाचं दुसरीकडे चुकूही शकतं. तेव्हा गटात कॅमेरेवाले किती का असेनात, त्यांच्यापुढे दबून जायचं काही कारण नाही.

संकोचावर माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि तो हटकून लागू पडतो. मार्गदर्शकानं नाव सांगितलं की विचारा, ‘तुम्ही हे कशावरून ओळखलंत?’ हा प्रश्न विचारायला विज्ञान लागत नाही आणि यात अडाणी दिसण्याची भीती नाही. उत्तर द्यायला त्या माणसाला थांबावं लागतं, पान उलटावं लागतं, शेपटीची लांबी किंवा उडण्याची ढब दाखवावी लागते. त्याचा वेगही कमी होतो. गटात न विचारणारे अर्धे लोक मनातून तुमचे आभार मानतील. आणि एखाद्या प्रश्नावर मार्गदर्शक ‘मला ठाऊक नाही, बघू या’ म्हणाला, तर तो माणूस सोडू नका. मोठ्यांच्या वर्गात मी शिक्षकाची पारख प्रामुख्यानं यावरूनच करते.

मुलीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभं राहिलं. तिथे फोटो टाकला की यंत्राचा अंदाज तर मिळतोच, शिवाय जगभरातले जाणकार तो तपासून दुरुस्तही करतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे अ‍ॅप पक्ष्यांच्या आवाजावरून अंदाज सांगतं. दोन्ही वापरा, पण आपला अंदाज वहीत लिहून झाल्यावर. आणि झाडाचा एकच फोटो पुरत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान फांदीला कसं जोडलंय, साल, असलं तर फूल किंवा फळ, आणि लांबून अख्खं झाड, एवढं टिपलं की अंदाज बराच सुधारतो. मोबाइलची मर्यादा अशी, की तुम्ही जे त्याच्यापुढे धरता त्याचंच उत्तर तो देतो. पायाजवळच्या पानावरची गाठ तुमच्या नजरेतूनच सुटली, तर तिचा फोटो कोण काढणार? ती गाठ बोटानं दाखवून, आत एका किड्याची अळी वाढतेय आणि झाडाकडूनच तिनं हे घर बांधून घेतलंय, हे सांगायला शेजारी माणूस लागतो. आणि रानातली अळंबी किंवा फळ मोबाइलच्या भरवशावर तोंडात घालायचं नाही, हे मायलेकी दोघींनीही पक्कं लक्षात ठेवा.

एकाच जागेचा हट्ट मी का धरतेय, तेही सांगते. झाड वर्षातून किती रूपं घेतं! निष्पर्ण असताना ओळखलेलं झाड कोवळ्या पालवीत परकं वाटतं, फुलावर आल्यावर तिसरंच. पक्षी विणीच्या काळात गातात, मग गप्प होतात, काही पार निघून जातात. वेगवेगळ्या जागी एकेक दिवस गेल्यानं यातलं काही हाती लागत नाही. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. त्यानं १७३६ पासून आपल्या भोवतालच्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कुठल्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं, कुक्कू पक्षी प्रथम कधी ऐकू आला, बेडूक कधी ओरडले, अशा साध्या नोंदी. त्याच्यामागे घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. हवामान बदलतं तसे झाडांच्या पालवीचे दिवस कसे सरकतात, हे पाहणाऱ्या अभ्यासकांना आज त्या नोंदी सोन्यासारख्या वाटतात. त्यात अवघड काहीच नव्हतं. तारीख, जागा आणि काय दिसलं. तुमच्या वहीतही यापेक्षा जास्त लागत नाही. भ्रमंतीतली नावांची वही बाजूला ठेवा आणि अशी एक वही सुरू करा. फिरण्याच्या वाटेवरचं एक झाड निवडा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. त्याचं नाव आत्ता माहीत नसलं तरी चालेल.

आता कानाचं. ही अडचण लपवू नका, पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगून टाका. आवाज कुठून आला हे आपला मेंदू दोन्ही कानांत पोचलेल्या आवाजाची तुलना करून ठरवतो. वेळेतला किंचितसा फरक, जोरातला फरक. एक कान मंद असला की आवाज ऐकू येतो, पण दिशा सापडत नाही. ‘तिकडे, त्या झाडावर’ म्हटलेलं मग काही उपयोगाचं नाही. त्यांना सांगा, झाडाला घड्याळाची तबकडी समजून जागा सांगा: शेंडा बारावर, उजवीकडची आडवी फांदी तीनवर, पक्षी दोन आणि तीनच्या मध्ये, खोडापासून अर्ध्या अंतरावर. याचा फायदा सगळ्या गटाला होतो. चांगला कान मार्गदर्शकाच्या बाजूला राहील असं उभं राहा. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे काही किडे आणि लहान पक्षी शेजारणीला ऐकू येतील आणि तुम्हाला येणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पक्षी गाताना त्याचा गळा कसा थरथरतो ते दुर्बिणीतून बघा. शक्य असेल तर फक्त पक्ष्यांचा वर्ग निवडू नका. ज्यात झाडं, किडे, कोळी, नेचे, दगडफुलं असं सगळं असेल तो घ्या.

सापांविषयी थोडक्यात. जमिनीतून येणारी आपल्या पावलांची थरथर त्यांना कळते, आणि बहुतेक साप माणूस जवळ यायच्या आत बाजूला होतात. अपघात होतात ते न बघता पाय किंवा हात टाकल्यानं. घोटा झाकणारे बंद बूट आणि लांब विजार घाला, पायवाट सोडू नका, ओंडका ओलांडताना आधी पलीकडे बघा, आणि नजर जात नाही तिथे हात घालू नका. साप दिसलाच तर थांबा, मागे सरका, त्याला जाऊ द्या. जवळ जाऊन फोटो काढण्याची घाई करणारा मार्गदर्शक असेल, तर त्याच्या वर्गाला पुन्हा जाऊ नका.

सामान लगेच विकत घेऊ नका. पहिले काही वर्ग कुणाची तरी दुर्बीण मागून वापरा. पुढे घ्यायची झाली तर तिच्यावरचे आकडे वाचायला शिका. ८ गुणिले ४२ म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. नवख्या हातांना दहा किंवा बारा पटीपेक्षा आठ पटच बरी पडते, कारण पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो. भिंग मात्र आत्ताच घ्या.

आणि नाव नोंदवण्याआधी वर्ग चालवणाऱ्यांना एक फोन करा. गट किती जणांचा असतो? बारा-पंधरापर्यंत असेल तर उत्तम, तीस असतील तर मार्गदर्शक किमान दोन हवेत. वर्षभरात त्याच जागी किती वेळा परत जाता? एका सकाळीत साधारण किती चालणं होतं, आणि बसायला, स्वच्छतागृहाला सोय आहे का? हे विचारायला लाजू नका. बायका कितीदा पाणीच न पिता जातात आणि भर उन्हात चक्कर येऊन बसतात. प्रथमोपचार येणारं कुणी बरोबर असतं का? पाऊस आला तर वर्ग रद्द होतो की पुढे ढकलला जातो? पक्षी जवळ यावेत म्हणून त्यांच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवता का, हेही विचारा. विणीच्या काळात नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग पिलांना चारायचं सोडून तो त्या खोट्या शत्रूमागे धावतो. घरट्याजवळ जाणं, दगड उलटून तसाच टाकून देणं, हौसेपोटी फुलं ओरबाडणं, यांविषयी त्यांचे नियम काय आहेत तेही त्याच बोलण्यात कळेल. शेवटी, एक वर्ग करून बघून मग ठरवलं तर चालेल का, असं विचारा. चांगले लोक सहसा हो म्हणतात. ‘एका सकाळीत आम्ही शंभर जाती दाखवतो’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर नम्रपणे फोन ठेवा आणि दुसरा वर्ग शोधा.